एकबारींची सुरी

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. दचकू नका. तुमच्या स्वयंपाकघरात भाजी चिरणाऱ्या आणि पाव कापणाऱ्या सुऱ्या असतील, त्यांचे आणि माझे दूरचे नाते आहे. फरक इतकाच की त्या कधी रानात गेल्या नाहीत, मी गेले. माझे उभे आयुष्य रानडुकरांच्या शिकारीत आणि त्यांचे मांस करण्यात गेले. तुमच्यापैकी काहींना हे काम आवडणार नाही. नाही आवडले तरी ऐकून घ्या. मला जे सांगायचे आहे, ते डुकरांबद्दल कमी आणि माणसांबद्दल जास्त आहे.

सुरी होण्याआधी मी एका मालट्रकचा पाटा होते, म्हणजे चाकांवर बसून खड्ड्यांचे धक्के सोसणारी पोलादाची पट्टी. एके दिवशी मोडले आणि भंगारातून एका लोहाराच्या भट्टीत आले. त्याने मला लालभडक तापवले, ठोकून ठोकून पातळ केले आणि तेलात बुडवले. ते चटके मला आजही आठवतात. मग त्याने लाकडाची मूठ बसवली आणि ती दोन पितळी खिळ्यांनी जखडली. लोहार मोठा फटकळ होता. मला विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो म्हणाला, "ओली ठेवलीत आणि गंज चढला, तर परत माझ्या दारात यायचं नाही."

ते गिऱ्हाईक म्हणजे माझे मालक. त्यांचा धंदा शिकारीचा. त्यांच्याकडे रीतसर परवाना होता आणि एक जुनी बंदूक होती. सगळे त्यांना एकबारी म्हणत. दुसरा बार काढायची वेळ त्यांच्यावर सहसा येत नसे, म्हणून हे नाव पडले होते. ते नाव त्यांना फार आवडायचे. कोणी हाक मारली की मिशीतल्या मिशीत हसत आणि ऐकू न आल्यासारखे करत, म्हणजे समोरच्याने पुन्हा हाक मारावी.

वस्तीच्या टोकाला त्यांचे घर होते. घरापुढे मक्याची आणि रताळ्यांची शेते, शेतांपलीकडे ओढा आणि ओढ्यापलीकडे काटेरी झुडपांचे रान. रानडुकरे तिथे राहायची. एकदा का कळप रताळ्यांत शिरला, की सकाळी शेत नांगरल्यासारखे दिसायचे. शेतकरी डोक्याला हात लावून बांधावर बसायचे आणि मग एकबारींना बोलावणे यायचे.

शिकारीची पद्धत ठरलेली होती. एकबारी झुडपांच्या वरच्या तोंडाशी दबा धरून बसत. त्यांची लेक खालच्या अंगाने झुडपांत शिरे आणि पत्र्याचा डबा वाजवत, आरडाओरडा करत डुकरांना वर हाकलत आणी. याला हाका म्हणतात. लेक विशीतली, काटक, बापासारखीच हट्टी. काट्यांनी तिचे हात सदा ओरबाडलेले असत. डुक्कर बाहेर आले की एक बार व्हायचा. मग मालक मला कमरेच्या म्यानातून काढत आणि जनावराचे रक्त लगेच वाहू देत. त्यात कधी उशीर केला नाही. पिल्लांच्या आईवर त्यांनी कधी बंदूक धरली नाही. मादी दिसली की ते नळी खाली करत आणि तिला जाऊ देत. घरी येऊन सांगत, "आज हात हलवत आलो." त्याची त्यांना लाज वाटत नसे.

घरामागच्या शेडमध्ये मात्र माझी मालकीण वेगळी होती. एकबारींच्या बायकोला सगळे काकू म्हणत, म्हणून मीही काकूच म्हणते. त्या शेडची फरशी नालीकडे उतरती होती, वर तुळईला कप्पी आणि लोखंडी आकडा होता, एका भिंतीशी खडे मिठाच्या कुंड्या होत्या आणि कोपऱ्यात मांसाला धुरी देण्याची विटांची खोली होती. काकू तिथली राणी होती. डुक्कर आकड्याला टांगून ती आधी कातडे सोलायची. मग पोट उघडताना माझी धार बाहेरच्या बाजूला करायची आणि पात्यामागे आपली दोन बोटे घालायची, म्हणजे आतड्याला टोकसुद्धा लागू नये. आतडे फुटले तर घाण मांसाला लागते. काळजावरची पित्ताची पिशवी तर ती तान्ह्या बाळाला उचलावे तशी उचलायची. मग मांड्या, खांदे, पाठ, बरगड्या वेगळ्या व्हायच्या. काही मांस मिठात जायचे, काही धुरीला, चरबी मंद आचेवर वितळायची. मांस नेणाऱ्या प्रत्येकाला ती बजावायची, "आतपर्यंत शिजवा. रानातलं जनावर आहे, घाई करायची नाही."

माझे कौतुकही पुष्कळ झाले. एकदा खानावळीचा आचारी मांस न्यायला आला. माझे काम बघून त्याची नजर माझ्यावरून हलेना. "काकू, ही सुरी मला द्या, मागाल ते देतो," तो म्हणाला.

"नवरा हवा तर घेऊन जा," काकू म्हणाली. "सुरी मिळायची नाही."

एकबारी दारातच उभे होते. ते म्हणाले, "बघा आचारीबुवा, माझा भाव काय आहे या घरात."

असे ते घर होते. आता त्या घरातली एक रीत सांगते, कारण पुढे तिच्यामुळेच सगळे घडले. ज्यांच्या शेतांची नासधूस झाली, त्यांना मांसाचा वाटा मिळे. संध्याकाळी लोक भांडी घेऊन शेडपुढच्या अंगणात जमत. पण शिकारीची हकीकत ऐकल्याशिवाय कोणाच्या भांड्यात तुकडा पडत नसे. एकबारी मला हातात धरून पायरीवर उभे राहत आणि डुक्कर कुठून आले, कसे थबकले, बार कुठे बसला, हे सगळे सांगत. हकीकत संपली की मला मुठीकडून काकूच्या हातात देत आणि मग वाटे पडत. जनावराचा जीव घेतला आहे, तर तो कसा घेतला हे खाणाऱ्याला कळले पाहिजे, असे त्या रीतीचे म्हणणे होते. एकबारी थोडे मीठमसाला लावून सांगत हे खरे, पण खोटे कधी सांगत नसत.

काकूला मात्र हकीकतीची गरज नव्हती. तिला मांसच सांगायचे. एका बारात पडलेल्या जनावराचे मांस गुलाबी असते आणि मीठ चांगले धरते. घाबरून, पळून, दमून मेलेल्या जनावराचे मांस काळपट होते, बोटांना चिकटते आणि लवकर खराब होते. वर्षानुवर्षे माझ्या पात्याखाली गुलाबी मांस आले. आणि मग एका वर्षी, मक्याला कणसे धरायच्या सुमारास, काळपट मांस आले. गोळी नेहमीसारखी खांद्यामागे नव्हती, मागच्या बरगड्यांत होती.

काकूचा हात क्षणभर थांबला. मग ती कामाला लागली. चुकायचे कधीतरी, असे तिला वाटले असावे.

पुढच्या डुकराला गोळी पोटात लागली होती. आतडे आतच फुटले होते आणि पोट उघडताच दुर्गंधी सुटली. काकूने तोंडातून ब्र काढला नाही. नासलेले मांस तिने माझ्याकडून कापून घेतले, टोपलीत भरले आणि शेडमागच्या खड्ड्यात पुरून टाकले. अंगणात लोक म्हणाले, "काकू, वाटे लहान दिसतात आज." ती म्हणाली, "डुक्करच लहान होतं." त्याच्या पुढच्याची मागची मांडी फुटली होती. तेही लहानच होते म्हणे.

मलाही काहीतरी कळत होते. दगडावर घासून झाले की मालक मला उजेडात धरून धार बघत. आता ते मला अंगठ्याच्या नखावर टेकवून बघू लागले. समोरच्याशी बोलताना मान किंचित वळवून, त्याच्या कानाकडे बघत बोलू लागले. पुढे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा त्याचा उलगडा झाला. त्यांच्या नजरेच्या मधोमध एक काळा डाग बसला होता. कडेचे दिसायचे, म्हणून चालताना अडखळत नसत आणि कोणाला संशयही येत नसे. पण ज्याच्याकडे थेट बघावे, तेच दिसायचे नाही. आणि नेम धरायचा म्हणजे थेटच बघावे लागते.

त्यांनी हे कोणाला सांगितले नाही. एकबारी या नावाचा माणूस कोणत्या तोंडाने सांगणार? आणि काकूने विचारले नाही. दोघे एका ताटलीतले दाणे खायचे, एकमेकांच्या नसलेल्या पडशाला काढा करून द्यायचे. पण या एका गोष्टीवर दोघेही मूग गिळून बसले.

काकूने एकच केले. लेक हाक्याला जाताना मातकट रंगाचा सदरा घालायची. त्याच्या पाठीवर आणि छातीवर काकूने लाल कापडाचे हातभर तुकडे शिवले.

"आई, मी काय आगगाडीचा सिग्नल आहे?" लेक म्हणाली.

"घाल मुकाट्याने. काट्याकुट्यात हरवशील."

"इतकी वर्षं नाही हरवले ते आता हरवेन?"

एकबारी पायरीवर बसून बंदूक पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही. पण फडके एकाच जागी फिरत राहिले. त्या दिवशी घरातल्या तिघांनाही त्या लाल कापडाचा अर्थ थोडाथोडा कळला असावा, असे मला वाटते. तरी लेकीने सदरा चढवला, डबा उचलला आणि बापामागून चालू लागली. मी त्यांच्या कमरेला होते. मला माझ्या धारेची जेवढी धास्ती कधी वाटली नव्हती, तेवढी त्या बंदुकीची वाटली.

आणि मग तो दिवस आला. ऊन उतरले होते. एकबारी दबा धरून बसले होते. खालून डब्याचा आवाज येत होता, पण त्या दिवशी वारा उलटसुलट होता आणि आवाज कधी इकडून तर कधी तिकडून आल्यासारखा वाटत होता. झुडपे हलली. मालकांनी मान थोडी वळवली, पुन्हा सरळ केली. त्यांचा श्वास जोरात चालला होता. बार झाला.

मला म्यानातून काढून ते जनावराजवळ गेले आणि नेहमीचे काम त्यांनी घाईघाईने, चाचपडत केले. इतक्यात लेक झुडपांतून बाहेर आली. तिने जनावराकडे पाहिले, बापाकडे पाहिले आणि हातगाडी ओढत आणली. तिच्यावर घालून त्यांनी ते घरी आणले. वाटभर गाडीचे एक चाक कुरकुरत होते, तेवढाच आवाज.

अंगणात लोक आधीच जमले होते. बार ऐकून आले होते. एकबारी हात धुवायला गेले. काकूने जनावर टांगले आणि मला हातात घेतले. कातडे सोलायला ती पोटाच्या बाजूने लागली, आणि माझ्या पात्यावर रक्त येण्याआधी दूध आले.

काकूने मला फळीवर ठेवले. कितीतरी वेळ ती त्या डुकरिणीच्या भरलेल्या सडांकडे बघत उभी राहिली. मग तिने हाक मारली.

"अहो, जरा आत या."

"लोक ताटकळलेत बाहेर," एकबारी दारातून म्हणाले.

"ताटकळू देत. हात द्या इकडे."

तिने त्यांचा हात धरला आणि त्या सडांवर ठेवला. मालकांची बोटे ओली झाली. त्यांनी ती नाकाजवळ नेली. मग जवळच्या कुंडीच्या काठावर ते मटकन बसले.

"मला वाटलं, नर आहे," ते म्हणाले.

"वाटलं. दिसलं नाही."

त्यांनी ओली बोटे गुडघ्यावर पुसली.

"कधीपासून?" काकूने विचारले.

"कणसं धरली तेव्हापासून. आधी वाटलं, धूळ गेली असेल डोळ्यात." ते थांबले. "तुला कळलं होतं?"

"मांस सांगत होतं मला. पहिल्याच डुकराच्या वेळी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. रोज वाटायचं, आज सांगतील." काकूचा आवाज फुटला. "नासलेलं कापून खड्ड्यात टाकलं की झालं, असं वाटलं हो मला. पण आज ही पिल्लांची आई आलीय माझ्या आकड्याला. त्या झुडपांत आपली लेक असते. तीही हलते."

मी पुष्कळ घाव घातले आहेत, मित्रांनो, पण काकूच्या या शब्दांइतका खोल एकही गेला नव्हता. एकबारींनी कुंडीच्या काठावर हात टेकले. मग उठले. फळी चाचपून त्यांनी मला उचलले. काकू मला पुसायला पुढे झाली, तर ते म्हणाले, "राहू दे. तशीच राहू दे."

ते पायरीवर आले. लोक नेहमीसारखे सावरून बसले. लेक कोपऱ्यात डबा मांडीवर घेऊन बसली होती. मकेवाले म्हणून एक शेजारी होते, ते हौसेने म्हणाले, "हं, एकबारी, होऊ द्या सुरुवात."

"आज डुक्कर मला दिसलं नाही," एकबारी म्हणाले. "काहीतरी हललं, तेवढं दिसलं. मी बार काढला. जवळ जाऊन बघितलं तरी कळलं नाही. आत्ता बायकोने हात धरून दाखवलं. दुधाची मादी आहे."

मकेवाले चुळबुळले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, होतं असं एखाद्या वेळी."

"नाही. असं होत नसतं. मला समोरचं दिसत नाही. या हंगामात मी एकही डुक्कर नीट मारलं नाही. तुमचे वाटे लहान झाले ते त्यामुळे." त्यांनी मला दुसऱ्या हातात घेतले. "आज लेक डावीकडून येणार होती. बार काढला तेव्हा मी मनात एवढंच म्हटलं, की ती डावीकडे आहे."

लेकीने मांडीवरचा डबा हळूच खाली ठेवला.

"मी उजवीकडे होते, बाबा," ती म्हणाली. "ओढ्याला पाणी होतं, म्हणून उजवीकडून वळले. डुकरीण माझ्या पुढूनच निघाली."

मुठीवरची एकबारींची बोटे सैल झाली आणि मी निसटणार, एवढ्यात लेक उठून आली आणि तिने मला त्यांच्या हातातून काढून घेतले. मग दुसऱ्या हाताने तिने बापाला धरून पायरीवर बसवले आणि स्वतः त्यांच्या शेजारी बसली. तिच्या सदऱ्यावरच्या लाल कापडाला काट्यांनी भोके पडली होती. काकू दारात तोंडाला पदर लावून उभी होती. लोक एकेक करून उठले आणि रिकामी भांडी घेऊन गेले. कोणीही वाटा मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाप-लेक बंदुकीशिवाय रानात गेले. आई नसलेली पिल्ले उपाशी मरतात, हे एकबारींना माहीत होते. डोळ्यांचा उपयोग नव्हता, पण कान शाबूत होते. ते दर थोड्या अंतरावर लेकीला थांबवत आणि ऐकत. त्यांना तीन पिल्ले सापडली, पट्ट्यापट्ट्यांची, एकमेकांना चिकटून बसलेली. काकूने ती चुलीजवळ खोक्यात ठेवली आणि बाटलीने दूध पाजले. दोन जगली आणि थोराड झाल्यावर रानात गेली. एक दगावले. बाकीची किती होती, कोणाला ठाऊक.

एकबारींचे डोळे सुधारले नाहीत. डॉक्टरांनी तसे स्पष्टच सांगितले. बंदूक आणि परवाना पुढे लेकीच्या नावावर झाला. ते काही दिवस नुसते बसून राहिले, जेवणावरची वासना गेली. मग काकूने एके दिवशी मला त्यांच्या हातात ठेवले, त्यांच्यामागे उभी राहिली आणि त्यांच्या बोटांवर आपली बोटे ठेवून हाडापासून मांस सोडवायला शिकवले. पुढची कितीतरी वर्षे हे काम त्यांनी स्पर्शानेच केले. हाडाचा सांधा कुठे आहे, हे त्यांचे बोट माझ्याआधी ओळखायचे. काकू म्हणायची, "डोळे होते तेव्हा तुम्हाला एवढंही येत नव्हतं." आणि ते मिशीतल्या मिशीत हसायचे. ते हसू परत बघायला मला फार बरे वाटले.

हकीकत आता लेक सांगते. तिने त्या रीतीत एक भर घातली. ज्या दिवशी ती बार काढत नाही, त्या दिवशीही लोकांना बोलावते आणि नळी का खाली केली ते सांगते. झुडूप हलले, पण काय आहे ते दिसले नाही, म्हणून सोडले. लोक ऐकतात आणि रिकामी भांडी घेऊन घरी जातात. कोणी कुरकुर करत नाही.

माझे म्हणाल तर मी आता निवृत्त आहे. घासून घासून माझे पाते करंगळीएवढे उरले आहे. शेडमध्ये प्लास्टिकच्या मुठीच्या चकचकीत सुऱ्या आल्या. माझ्या वाट्याला एक खण आला आहे, त्यात दोरीचे गुंडे आणि झाकणे उघडायची एक गंजकी चावी माझ्या सोबतीला आहेत. एकबारी गेल्यापासून मला कोणी बाहेर काढलेले नाही. थोडे वाईट वाटते, खोटे कशाला बोलू?

पण माझी काळजी घेणे सोपे आहे. धुतले, कोरडे पुसले, दगडावर चार वेळा फिरवले, की मी झाले पहिल्यासारखी. माणसाची काळजी घेणे त्याहून अवघड असते, कारण त्याला तोंडाने सांगावे लागते. म्हणून, मित्रांनो, तुमच्या घरात कोणाचा डोळा, हात किंवा पाऊल चुकू लागले, तर त्यांच्या हातून बिघडलेले गुपचूप कापून खड्ड्यात टाकू नका. ते स्वतःहून बोलतील म्हणून वाट बघत बसू नका. जवळ जा, त्यांचा हात हातात घ्या आणि सांगा. लेक झुडपांत शिरायच्या आधी सांगा.